भिंतीपलीकडे कोण राहतं

गल्लीत तिला सगळे मुकादमीण म्हणायचे. घरात मुकादम कोणी नव्हता. नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि घरी आला की शब्द गिळायचा. पण नळावर आधी कोणाचा हंडा लागणार, कोणाच्या पायरीवर कोणी बसायचं आणि कोणाच्या पोरीनं किती वाजता घरी यायचं, हे सगळं तीच ठरवायची, म्हणून नाव पडलं. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. तिला मात्र ठाऊक होतं, आणि आतून आवडायचंही.

शाळेत ती दोन वर्षं गेली असेल नसेल. वाचायला बसली तर अक्षरं मुंग्यांसारखी इकडून तिकडं पळायची. पण सही यायची. नवऱ्यानं छापखान्यातले वाया गेलेले कागद घरी आणून महिनाभर गिरवून घेतली होती. ठसठशीत सही, आणि शेवटी मांजराच्या शेपटीसारखा वर वळलेला फराटा. गल्लीतल्या तिच्या वयाच्या बाया अंगठा पुढं करायच्या, तेव्हा ही पेन मागायची. कुरियरवाला आला तरी सही दोनदा करून द्यायची. एकदा त्याच्या वहीवर, आणि एकदा बरी आली नाही म्हणून.

नवऱ्यानं घेतलेली जागा लांबलचक होती. पुढच्या अर्ध्यात घर, मागचा अर्धा मोकळा. मरायच्या आधी त्यानं पुढचा भाग बायकोच्या आणि मागचा मुलाच्या नावावर केला. जन्मात घरातला एवढा एकच निर्णय त्यानं तिला न विचारता घेतला, आणि तोच तिला पुढं नडला. कारण मुलाला घराबाहेर काढायची वेळ आली तेव्हा तो बाहेर गेलाच नाही. मागं गेला.

मुलगा फरशा बसवायचा. हातात कसब असं की त्यानं बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. त्यानं लग्न ठरवलं ते पहिलं लग्न मोडलेल्या मुलीशी. मुकादमीण म्हणाली, दुसऱ्याच्या घरातून उखडलेली फरशी माझ्या घरात बसायची नाही. हे ती त्या मुलीच्या देखत म्हणाली. महिनाभरात मागच्या जागेत दोन खोल्या उभ्या राहिल्या, वर पत्रे, दार मागच्या बोळात. मग हिनं मधोमध पुरुषभर उंचीची भिंत घालून घेतली. गवंडी मुलाचाच मित्र होता. त्यानं सगळी भिंत मान खाली घालून बांधली.

वर्षभराहून जास्त माय-लेक बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे मुलगा बोलला नाही. हिचं चालूच होतं, भिंतीला तोंड करून.

अशातच एका दुपारी दारात एक माणूस आला. गळ्यात पाटी अडकवलेली, पाटीवर चिमट्यानं लावलेला मोठा नकाशा, कानावर पेन्सिल. शहराचा नवा आराखडा करायचा होता. कुठल्या जागेचा आज काय वापर आहे ते घरोघर जाऊन लिहायचं काम त्याच्याकडं होतं. माणसं राहतात तिथं पिवळा रंग, दुकानाला निळा, पडीक जागा कोरी. त्यानं हिच्या घराचा चौकोन पिवळा केला. तिला बरं वाटलं. मग त्यानं विचारलं, मागं काय आहे? बोळ गटारासाठी खणून ठेवलाय, पलीकडून जाता येत नाही.

मागं दोरीवर लाल चादर वाळत होती. तिची कड भिंतीवरून दिसत होती. चादर हलली, म्हणजे सून पलीकडं दोरीवरचे वाळलेले कपडे काढत उभी होती. मुकादमिणीनं आवाज चढवला.

"तिकडं कोणी राहत नाही."

माणसानं मान वर करून पाहिलं. "चादर दिसतेय."

"माझीच आहे. ऊन लागावं म्हणून टाकते. तिकडं माझ्या ओळखीचं कोणी राहत नाही, आणि राहण्यासारखं काही नाही. पडीक आहे, लिहा."

तो टोमणा होता. भिंत ओलांडून बरोबर कानात जाऊन पडावा म्हणून मारलेला. तो कागदावर जाऊन पडेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आयुष्यभर तिच्या तोंडून गेलेलं कधी कोणी लिहून घेतलं नव्हतं. त्या माणसानं मात्र खाली दोन ओळी खरडल्या आणि इथं अंगठा द्या म्हणाला.

अंगठा म्हटल्यावर तिला झोंबलं. तिनं पेन मागून घेतलं आणि झोकात सही केली, फराट्यासकट. "छान आहे हो सही," तो म्हणाला. तेवढ्यानं तिचा दिवस चांगला गेला.

पुढच्या वर्षी सुनेला मुलगी झाली. पोर सव्वा महिन्याची असताना एका सकाळी पलीकडून रडायला लागली ती थांबेचना. मुकादमीण अंगणात येरझारा घालत होती. शेवटी राहवलं नाही आणि भिंतीवरून ओरडली, "अगं, उभी धर तिला! खांद्यावर घे आणि पाठीवरून हात फिरव. पोटात वारा धरलाय, एवढंही कळत नाही?" मग रडणं हळूहळू कमी झालं. मग सुनेचा आवाज आला, "ढेकर दिली." माय-लेकाचा अबोला असा सुटला, हुकूम देऊन. क्षमा मागणं मुकादमिणीच्या कुंडलीत नव्हतं. तिनं मुलाला भिंतीवरूनच सांगितलं की पोरीला दर वेळी बोळातून फिरून आणशील का, दार पाड इथं. त्यानं त्याच दिवशी भिंतीत दार पाडलं.

मुलाच्या घराची फरशी बघण्यासारखी होती. कामावर उरलेल्या फरशा मुलगा घरी आणायचा, आणि कुठलीही उरते ती दोन-चारच. त्यामुळे साऱ्या घरात एकासारख्या चार फरशा शेजारी नव्हत्या. दवाखान्यातली निळी, बँकेतली करडी, शाळेच्या प्रयोगशाळेतली पांढरी, कुठल्याशा श्रीमंताच्या न्हाणीघरातली मोरपिशी. पण रांग अशी सरळ आणि सांधा असा बारीक की बघणाऱ्याला वाटावं, ठरवूनच केलंय. नात तिच्यावर लंगडी खेळायची. "आजी, बघ, बँकेतून दवाखान्यात," म्हणून उडी मारायची. दारातल्या उंबऱ्यापाशी मुलानं एक विटकरी रंगाची फरशी बसवली होती, एक कोपरा उडालेली. ती आजीची. कोपरा का उडालेला, असं आजीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुझीच आहे, तिला टोक असणारच." इतकी वर्षं तो गमतीनं बोलला नव्हता. ती आत जाऊन उगाच भांडी घासत बसली, घासलेलीच.

सुनेला तिनं कधी चांगली म्हटलं नाही. पण घरात पहिला चहा तिला द्यायला लागली, आणि ज्यांना मुकादमीण माहीत होती त्यांना यातच सगळं कळलं.

सहा-सात वर्षं अशी गेली. मग मुलाला आराखड्याच्याच कचेरीत काम मिळालं, व्हरांड्यातल्या फुटलेल्या फरशा बदलायचं. गुडघ्यावर बसून काम करताना त्यानं मान वर केली तर समोर भिंतीवर नवा नकाशा लावलेला. माणूस नकाशात आधी आपलं घर शोधतो. त्यानं गल्ली शोधली, बोळ शोधला. आईचं घर पिवळं होतं. त्याच्या घरावर हिरवा चौकोन होता. त्यानं हाताचं सिमेंट पुसून तिथं बोट लावलं आणि कारकुनाला विचारलं, हे काय? कारकून म्हणाला, बाग. सार्वजनिक. रिकाम्या जागा होत्या तिथं टाकल्यात.

हरकत नोंदवायला महिन्याची मुदत होती. त्यातले बारा दिवस उरले होते. मुलानं अर्ज दिला. अर्ज सुनेनं लिहिला, तिचं अक्षर चांगलं. पण कचेरीचं म्हणणं सरळ होतं. पाहणी झाली तेव्हा जागा पडीक होती. घर नंतरचं असेल तर ते धरता येत नाही. आधीचं असेल तर कागदी पुरावा आणा. आता आला का पेच. विजेचा मीटर पाहणीनंतर दोन वर्षांनी आला, त्याआधी मित्राच्या घरून वायर ओढली होती. पोरीचा जन्म नंतरचा. गवंडी दुसऱ्या शहरात गेला होता आणि त्याचा पत्ता कोणाकडं नव्हता.

मुकादमीण हे सगळं ऐकत होती आणि त्या दिवसांत गप्प झाली होती. मुलाला वाटलं, आईला काळजी लागलीय. पाहणी म्हटल्याबरोबर तिला गळ्यातली पाटी आठवली होती, आणि लाल चादर. ती मनाशी म्हणायची, माझ्या एका वाक्यावर सरकार थोडंच बाग लावतं? एवढे साहेब, एवढी यंत्रं, त्यांनी आकाशातून फोटो काढले असतील. मग पुन्हा डोळ्यांपुढं ती सही यायची.

सुनावणीला तिघंही गेली. साहेब तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं मुकादमिणीला खुर्ची दिली आणि म्हणाला, "आजी, तुम्ही शेजारचे मालक. पाहणीला माणूस आला होता, तेव्हा तुम्हाला काही विचारलं का त्यानं?"

मुलगा तिच्याकडं बघत होता, लहानपणी दुकानातलं काही हवं असलं की बघायचा तसा. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता, मग तुम्ही काय सांगितलंत? आणि ते मुलासमोर बोलावं लागणार होतं.

"आमच्याकडं कोणी आलंच नाही," ती म्हणाली.

सून तिच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पिशवीचे बंद घट्ट धरले. एवढंच मुकादमिणीच्या लक्षात राहिलं.

साहेबानं लिहून घेतलं. महिन्यानं पत्र आलं की पुराव्याअभावी हरकत फेटाळली आहे. त्यानंतर आराखडा मंजूर झाला. त्यानंतर जागा रिकामी करायची नोटीस आली, साठ दिवसांची. जमिनीचा मोबदला मिळणार होता, घराचा नाही. कागदावर घर नव्हतंच.

नोटीस आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादमीण कोणाला न सांगता एकटी कचेरीत गेली. रात्रभर तिनं ठरवलं होतं की आपण सरळ सांगायचं: मी बोलले, मी सही केली, आता मीच म्हणते की ते खोटं होतं, खोडून टाका. ज्यानं बांधलं त्यानं सोडावं, यात अवघड काय? तिला जुने कागद सांभाळणाऱ्या बाईकडं पाठवलं. बाई तिच्याच वयाला टेकलेली, चष्मा दोरीनं गळ्यात. तिनं गल्लीचं नाव विचारलं, गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि पान समोर ठेवलं.

पिवळा चौकोन. त्याच्या मागं कोरा चौकोन. खाली दोन ओळी, आणि त्याखाली सही. ठसठशीत. फराट्यासकट. बाकीच्या सगळ्या कागदावर दुसरं काही इतकं स्वच्छ दिसत नव्हतं.

"काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

बाईनं वाचून दाखवलं: मागील बाजूस जाता आले नाही. भिंतीवरून कपडे वाळत असलेले दिसले, मात्र शेजारील मालकाच्या सांगण्यावरून जागा पडीक नोंदवली.

"ही सही माझी आहे. मी खोटं सांगितलं होतं. हे बदला."

बाईनं चष्मा काढला. आता आराखडा मंजूर झाला, म्हणाली, आता साहेबाच्या साहेबालाही हात लावता येत नाही. मग पान आपल्याकडं वळवून म्हणाली, "सुनावणीत हाच कागद दाखवायचा होता. बघा ना, जाता आलं नाही, कपडे दिसले, हे त्यानं स्वतःच लिहिलंय. पाहणी चुकली हे याच्यावरूनच ठरलं असतं. अशी दोन घरं मी वाचलेली पाहिलीत. आणि नक्कल तर तुमच्याकडं आहेच की."

"आमच्याकडं कुठली?"

बाईनं वही उघडून बोट ठेवलं. सुनावणीच्या आठ दिवस आधीची तारीख. नक्कल घेणाऱ्याची सही सुनेची होती. ते अक्षर मुकादमिणीला वाचता येत नव्हतं, पण ओळखता येत होतं. दुधाच्या हिशेबाच्या कागदावर रोज बघायची.

ती घरी कशी आली ते तिलाच ठाऊक. भिंतीतल्या दारातून पलीकडं गेली तेव्हा सून नातीचे कपडे घड्या घालून खोक्यात भरत होती.

"तो कागद कुठं आहे?"

सुनेनं कोणता म्हणून विचारलं नाही. "पिठाच्या डब्याखाली."

"का नाही दाखवलास?"

सून घडी घालत राहिली. "पिशवीतच होता त्या दिवशी. म्हटलं, आधी तुम्हाला विचारतात, तुम्ही सांगालच. मग कागद पुढं करू. तुम्ही म्हणालात कोणी आलंच नाही." फ्रॉकची घडी नीट बसेना, तिनं ती मोडून पुन्हा घातली. "मग मी काय करणार होते? ह्यांच्या समोर तुम्हाला खोटं पाडणार होते? घर गेलं तर हे सहा महिने हळहळतील. तुमचं ते कळलं असतं तर..."

तिनं फ्रॉक खोक्यात ठेवला.

"तू ऐकलं होतंस त्या दिवशी? मी बोलले ते?"

"मला ऐकू यावं म्हणूनच बोलला होतात ना," सून म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर कसं द्यायचं ते मुकादमिणीला येत होतं.

मुलगा मागच्या खोलीत छिन्नीनं फरशा सोडवत होता. जितक्या अख्ख्या निघतील तितक्या न्यायच्या होत्या. पण त्याचंच काम त्याला नडत होतं. पक्क्या बसलेल्या फरशा तुकडे होऊन निघत होत्या. मुकादमीण दारात उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. पाटीवाला माणूस, चादर, सही, साहेबासमोरचं खोटं. सुनेच्या कागदाचंही सांगितलं, पण तेवढंच सांगताना म्हणाली, तिच्यावर डाफरू नकोस, ती माझ्यापायी गप्प बसली. पन्नास वर्षांत ती पहिल्यांदा कोणाची बाजू घेऊन बोलत होती, आणि स्वतःच्या विरुद्ध.

मुलाचा हात थांबला होता. त्यानं विचारलं, "आम्ही घरात होतो ना गं त्या दिवशी?"

"होतात."

"तुला चादर दिसत होती."

"दिसत होती."

त्यानं मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकानं माप सांगावं आणि यानं लक्षात ठेवावं तशी. मग छिन्नी पुन्हा फटीत घातली. "ऊन वाढलंय," तो म्हणाला. "तुम्ही आत जा आता."

तुम्ही. तिला आधी वाटलं, दोघींना मिळून म्हणाला. पण सून तर स्वयंपाकघरात होती.

ओरडला असता, भांडला असता, भिंत घातली होतीस तेव्हाच ओळखायला हवं होतं असं म्हणाला असता तर ती रडून मोकळी झाली असती. तो तसं काही बोललाच नाही. सकाळी विचारायचा, तुम्हाला औषध आणायचंय का. गेल्या महिन्यापर्यंत हाच मुलगा तिला म्हणायचा, म्हातारे, गोळी गिळ नाहीतर नाक दाबीन.

शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सामान गेल्यावर मुलगा एकदा परत आला, विटा आणि घमेलं घेऊन. नात बरोबर होती. बाग होणार, वाटेल ते लोक येतील, तुमच्या घरात सरळ घुसतील, म्हणून भिंतीतलं दार बुजवून देतो, असं त्यानं सांगितलं. तो पलीकडून बांधत होता, मुकादमीण अलीकडं पाटावर बसून बघत होती. काम नेहमीसारखंच सुबक चाललं होतं. दोरी लावून, दर थर तपासून. आधी त्याचे गुडघे दिसेनासे झाले, मग हात. तोंड दिसत होतं तोवर त्यानं एकदाही इकडं पाहिलं नाही.

वरच्या फटीतून नातीचा आवाज आला. बापानं तिला उचललं असावं. "आजी, मी दिसते का?"

"दिसतेस."

आणखी एक वीट बसली. "आता?"

"दिसतेस."

शेवटची वीट बसली, थापीनं वरचा गिलावा ओढल्याचा आवाज आला. पलीकडून अगदी बारीक ऐकू आलं, "आजी, आता?"

"दिसतेस गं," मुकादमीण भिंतीला म्हणाली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ताबा घ्यायला कचेरीची माणसं आली. मागच्या बोळात यंत्र उभं होतं. एक जण पुढच्या दारी आला. हातात कागद, पण हा माणूस वेगळा होता, कानावर पेन्सिल नव्हती. शेजारचा साक्षीदार लागतो म्हणाला. जागा रिकामी आहे एवढं फक्त लिहून घ्यायचं.

"मागं कोणी राहतं का, आजी?"

तिनं भिंतीकडं पाहिलं. जुना गिलावा आणि नव्या उघड्या विटा यांतला फरक अजून दिसत होता, दाराएवढा. वर दोरी नव्हती, काही वाळत नव्हतं. या वेळी आवाज चढवायचं कारण नव्हतं. पलीकडं ऐकणारं कोणी नव्हतं.

"तिकडं कोणी राहत नाही," ती म्हणाली.

त्यानं तेच लिहिलं आणि पेन पुढं केलं. "सही करा इथं."

मुकादमिणीनं पेनाकडं पाहिलं आणि हात मांडीवरून उचलला नाही.

"मला सही येत नाही," ती म्हणाली. "अंगठा घ्या."